तिसऱ्याची पाटी आणि फराळाचं ताट

नायगराबद्दल मी काहीही लिहिणार नाही. धबधबा पाहिला, भिजले, फोटो काढला, त्यात माझे डोळे मिटलेले आहेत. अमेरिकेला जाऊन आलेल्या प्रत्येकानं तो धबधबा आपल्याला कधी ना कधी ऐकवलेला आहे, आणि मी भूगोल शिकवत असल्यामुळे मला तर तो जाण्याआधीच पाठ होता. मला सांगायचं आहे ते ओहायो राज्यातल्या डब्लिन नावाच्या गावाबद्दल, तिथल्या शेजारशेजारच्या दोन घरांबद्दल आणि एका निवडणुकीबद्दल. त्या निवडणुकीशी माझा काडीचा संबंध नव्हता, तरी मी तिच्यात हात घातला.

ऐंशी सालची दिवाळी. माझा धाकटा भाऊ मधू सत्तर साली शिकायला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. मधे एकदा लग्नापुरता आला, तेव्हा नेमका उन्हाळा होता. म्हणजे दहा वर्षं आमची भाऊबीज टपालानं झाली. शेवटी अप्पाच म्हणाले, "सुमन, तो येत नाही तर तू जा आणि ओवाळून ये." अप्पा म्हणजे आमचे वडील. मी लग्न केलं नाही, त्यामुळे पुण्यात आम्ही दोघंच असायचो. मावशी अप्पांकडे राहायला आली, मी दिवाळीच्या सुट्टीला रजा जोडली आणि निघाले. निघताना अप्पांनी माळ्यावरून पितळेचं एक ताट काढून पिशवीत घातलं. काठावर त्यांचं नाव कोरलेलं, कल्हई नुकतीच केलेली. "यातच ओवाळ," एवढंच म्हणाले. न्यूयॉर्कच्या विमानतळावर कस्टमच्या माणसानं ते बोटानं वाजवून पाहिलं आणि माझ्याकडे पाहून परत ठेवलं.

दोन घरं आणि मधली पायवाट

डब्लिन तेव्हा गाव म्हणण्याइतकंच होतं. कोलंबस शहरापासून जवळ, पण घरं संपली की लगेच मक्याची शेतं. मी पोचले तेव्हा मका वाळून उभा होता आणि वारा आला की सळसळ थेट स्वयंपाकघरात ऐकू यायची. आता तिथे ऑफिसं झाली आहेत म्हणे. मधू फोनवर सांगतो तेव्हा मला ऐकवत नाही. माझ्या डोळ्यांपुढे तो मकाच राहावा असं वाटतं.

घराला कुंपण नाही, याचं मला पहिल्या दिवशी नवल वाटलं. आपल्याकडे दोन भावांच्या अंगणातसुद्धा निदान तारेचं कुंपण असतं. इथे मधूचं गवत कुठे संपतं आणि शेजारच्याचं कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. दोन्ही दारांच्या मधे मात्र गवत दबून एक पायवाट झाली होती.

ती पायवाट मधूची आणि वॉल्टरची. वॉल्टर म्हणजे शेजारचे आजोबा. सत्तरीच्या घरातले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, पोस्टातून निवृत्त. पहिल्या हिवाळ्यात मधूची गाडी बर्फावरून घसरून खड्ड्यात गेली, तेव्हा त्यांनी ती ओढून काढली आणि मग बर्फात गाडी कशी चालवायची ते आठवडाभर शिकवलं. शरद ऋतूत दर रविवारी दोघं मिळून दोन्ही अंगणांतली पानं दाताळ्यानं ओढायचे. मधूनं तिकडचं नागरिकत्व घेतलं तेव्हा दोन नागरिकांची साक्ष लागायची, हा माणूस सज्जन आहे म्हणून. त्यातली एक साक्ष वॉल्टरची.

"कोर्टात शपथ घेऊन सांगितलं त्यांनी," नीला म्हणाली. नीला माझी भावजय, नागपूरची, बोलायला सडेतोड. "माझ्या बाबांनी लग्नात पण ह्यांची एवढी गॅरंटी घेतली नव्हती बाप्पा."

मला त्या दोघांची ही मैत्री फार आवडली. पण त्या पायवाटेच्या दोन्ही टोकांना, गवतात रोवलेली एकेक पाटी होती. राष्ट्राध्यक्षांची निवडणूक दोन आठवड्यांवर आली होती. वॉल्टरच्या अंगणात खुर्चीवर असलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या नावाची पाटी. समोरच्या रांगेत त्यांना आव्हान देणाऱ्याच्या दोन-तीन. आणि आमच्या मधूच्या अंगणात, सगळ्या गल्लीत एकुलती एक, तिसऱ्याची.

मतं खाणारा

हे तिसरे गृहस्थ दोन्ही पक्ष सोडून स्वतंत्र उभे होते. आपल्या भाषेत अपक्ष. मधू त्यांच्यामागे वेडा झाला होता.

"ताई, बाकीचे दोघं लोकांना आवडेल तेच बोलतात यार. हा माणूस न आवडणारं बोलतो. त्याचं नाव बॅलटवर यावं म्हणून मी मॉलच्या दारात उभा राहून सिग्नेचर्स कलेक्ट केल्यात." तिकडे पक्षाबाहेरच्या माणसाला प्रत्येक राज्यात हजारो सह्या गोळा कराव्या लागतात, तेव्हा कुठे मतपत्रिकेवर जागा मिळते. आपल्याकडे त्या मानानं बरं. अनामत भरा, निशाणी घ्या आणि पडा.

मी म्हटलं, "म्हणजे मतं खायला उभा आहे."

मधूचा चेहरा उतरला. मला जीभ चावावीशी वाटली. आमच्या घरात हा शब्द कुणी काढत नसे.

त्याचं कारण सांगायला हवं. मधू चौदा वर्षांचा आणि मी एकवीस वर्षांची असताना अप्पा विधानसभेला अपक्ष उभे राहिले. निशाणी शिडी. त्यांचा जिवलग मित्र गोविंदकाका एका पक्षाचा उमेदवार होता. अप्पांचं गोविंदकाकांशी वैर नव्हतं. तालुक्याच्या पाण्याबद्दल कुणीच बोलत नाही, आपण निदान बोलू तरी, असा त्यांचा भाबडा हिशेब. अप्पांची अनामत गेली. पण गोविंदकाका जेवढ्या मतांनी पडले, त्यापेक्षा अप्पांना मिळालेली मतं जास्त होती. गावानं एका दुपारीत गणित मांडून टाकलं. अप्पांनी गोविंदाला पाडलं.

त्या दिवाळीला आईनं नेहमीप्रमाणे गोविंदकाकांकडे फराळाचं ताट पाठवलं. मधूच घेऊन गेला होता. तासाभरात त्यांचा गडी ते ताट परत घेऊन आला. वरचा रुमाल तसाच, खालची चकलीसुद्धा हललेली नव्हती. अप्पा ओट्यावर बसले होते. त्यांनी ताट घेतलं, आत ठेवलं आणि त्या दिवशी जेवले नाहीत. पुढे गोविंदकाका गेले, तेव्हा अप्पा स्मशानात जाऊन लांब उभे राहून आले. त्या दिवाळीनंतर अप्पांनी गोविंदकाकांचं नाव कधीच काढलं नाही. ते ताट तेच, जे मी पिशवीत घालून आणलं होतं.

वॉल्टरचं म्हणणं काय होतं, ते त्यांनीच मला एका संध्याकाळी अंगणात समजावून दिलं. ते इंग्रजीत बोलत, मी मराठीत लिहिते. "आमच्याकडे राज्यात जो पुढे, त्याला त्या राज्याचा सगळा वाटा. एका मतानं पुढे असला तरी सगळा. मधूचा माणूस एकही राज्य जिंकणार नाही. पण माझ्या माणसाच्या ताटातलं तेवढं काढून घेईल आणि मग माझा माणूस पडेल."

मी मान हलवली. हे वाक्य मी अठरा वर्षांपूर्वी चावडीवर मराठीत ऐकलं होतं.

भोपळ्यांचा शुक्रवार

ऑक्टोबर संपता संपता तिकडे हॅलोविन नावाचा सण असतो. दारोदार भोपळे ठेवतात, त्यांना डोळे-नाक-तोंड कोरतात, आत दिवा लावतात आणि दुसऱ्या दिवशी फेकून देतात. एवढे लालबुंद भोपळे फेकायचे हे काही माझ्या पचनी पडेना. माझी भाची मीरा सात वर्षांची, चेटकिणीची काळी टोपी घालून तयार झालेली. मी तिच्या हातातला न कोरलेला भोपळा काढून घेतला आणि किसायला बसले.

"आत्या, यू कान्ट ईट दॅट, इट्स अ डेकोरेशन," ती म्हणाली.

"डेकोरेशन तुझ्या पोटात जाऊ दे," मी म्हटलं आणि घारगे तळले. गूळ इंडियन स्टोअरचा, थोडा खारट, पण घारगे फुगले. मीरानं टोपी न काढता सहा खाल्ले.

वॉल्टर पायवाटेनं आले. त्यांनी घारगा हातात उलटासुलटा करून पाहिला, खाल्ला आणि आणखी एक घेतला. सगळं छान चाललं होतं. मग मीरा म्हणाली की तिच्या वर्गात खोटं खोटं मतदान झालं आणि तिसऱ्याला दोनच मतं पडली, एक तिचं आणि एक केविनचं.

वॉल्टर हसले. म्हणाले, "वडिलांनी पोरीलाही नादी लावलं." मग मधूकडे वळून, "मी कोर्टात शपथेवर सांगितलंय की हा माणूस विचारी आहे. मला खोटं पाडू नकोस."

ते गमतीनं म्हणाले असावेत. निदान अर्धं गमतीनं. पण मधू लाल झाला. "विचारी आहे म्हणूनच स्वतःचं ठरवतोय. नागरिक झालो ते काय दुसऱ्याच्या सांगण्यावरून मत द्यायला?"

वॉल्टर दुसरा घारगा अर्धा ठेवून उठले आणि गुड नाइट म्हणून गेले. तो अर्धा घारगा नीलानं फेकला नाही, मीही नाही. बराच वेळ तो तसाच बशीत होता.

माझा पराक्रम

रविवारी मधू, नीला आणि मीरा कोलंबसला गेले. तिथल्या मराठी मंडळींचा दिवाळीचा कार्यक्रम होता आणि मीरा त्यात नाचणार होती, त्याची तालीम. मी चकल्या करायला घरी राहिले. त्या रविवारी पानं कुणी ओढली नव्हती. दोन्ही अंगणांत लाल-पिवळा खच पडला होता आणि पायवाट दिसत नव्हती.

चकली पाडता पाडता माझं लक्ष खिडकीतून पाट्यांकडे गेलं. मतदान मंगळवारी. आज रविवार. आणि एकदम माझ्या लक्षात आलं की इथे कुणीच पाट्या काढलेल्या नाहीत.

वाचकांना ठाऊकच आहे, आपल्याकडे मतदानाच्या दोन दिवस आधी प्रचार बंद होतो. कर्णे थांबतात, जीप थांबतात. अप्पा तर या बाबतीत कायद्याच्याही पुढे. प्रचाराची वेळ संपली तशी ते स्वतःच्या निशाणीची शिडी खांद्यावर टाकून निघाले आणि पताका, फलक उतरवत गेले. मी खाली उभी राहून गुंडाळून घेत होते, मधू दोऱ्या सोडवत होता. आपले झाल्यावर वाटेतले गोविंदकाकांचेही उतरवले. "विसरला असेल गोविंदा, उगाच अडचणीत यायचा," म्हणाले.

मला मनापासून वाटलं की ही माणसं विसरली आहेत. आणि माझा भाऊ तर नवा नागरिक. पहिल्याच निवडणुकीत नियम मोडला म्हणून त्याला कुणी बोल लावला तर? मी गॅस बंद केला, साडी खोचली, मधूचा कोट चढवला आणि बाहेर पडले. आधी मधूची पाटी उपटली. मग वॉल्टरची. त्यांची गाडी दिसत नव्हती, म्हातारा माणूस, वाकायला त्रास होत असेल, असा विचार केला. मग समोरच्या रांगेतल्याही तिन्ही उपटल्या, कारण न्याय सर्वांना सारखा. सगळ्या मधूच्या गॅरेजमध्ये भिंतीला टेकवून नीट ओळीनं उभ्या केल्या. हात धुतले आणि चकल्या पुऱ्या केल्या. शाळेत वर्ग आवरून झाल्यावर वाटतं तसं समाधान वाटत होतं.

मधूची मंडळी परतली तेव्हा मीरा गाडीतच झोपली होती, तिला उचलून पुढच्या दारानं आणलं. गाडी बाहेरच राहिली. माझ्या पराक्रमाबद्दल सांगायचं मला सुचलंही नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

सोमवारी सकाळी समोरच्या बाई आपल्या अंगणात कंबरेवर हात ठेवून उभ्या दिसल्या. वॉल्टर गल्लीतून एक चक्कर मारून आले. मला वाटलं, फिरायला निघाले आहेत.

संध्याकाळी मधू ऑफिसमधून आला. तिकडे गॅरेजचं दार गाडीत बसल्या बसल्या बटण दाबून उघडतं. वॉल्टर तेव्हा टपालपेटीपाशी होते. दार वर गेलं, आतला दिवा लागला, आणि पाचही पाट्या रस्त्याकडे तोंड करून उभ्या. मधली वॉल्टरची.

मी खिडकीतून पाहत होते. मधू गाडीतून उतरलाच नाही. वॉल्टर सावकाश रस्त्यावरून चालत आले. गवतावरून आले नाहीत. त्यांनी आपली पाटी उचलली आणि गाडीच्या काचेतून मधूकडे पाहिलं.

"मी तुझ्यासाठी सही केली होती," ते म्हणाले.

मी धावत बाहेर गेले. माझं इंग्रजी वर्गात बरं असतं, पण तेव्हा सगळं पळालं. "सर, इन इंडिया, टू डेज बिफोर, एव्हरीथिंग स्टॉप. मी केलं. आय डिड. ही डोन्ट नो." वॉल्टरनी माझ्याकडे पाहिलं, मान लववली, कारण बाईमाणसापुढे ते नेहमीच मान लववत, आणि पाटी काखेत घेऊन गेले. त्यांनी विश्वास ठेवला की नाही, ते कळलं नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मधू रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, "ताई, इथे मतदानाच्या दिवशीसुद्धा प्रचार चालतो." मग उरलेल्या पाट्या उचलून समोरच्या घरांची माफी मागायला गेला. समोरच्या बाई हसल्या म्हणे. वॉल्टरच्या दारापर्यंत मात्र तो गेला, बेल न वाजवता उभा राहिला आणि परत आला.

"अप्पांचंच झालं बघ," तो म्हणाला. "त्यांनी तरी कुणाच्या पाट्या चोरल्या नव्हत्या."

पडद्याआड

मंगळवारी मी त्याच्याबरोबर मतदान पाहायला गेले. मीराच्या शाळेचं व्यायामाचं सभागृह. पोलीस नाही, बोटाला शाई नाही, ओळखीला नाव सांगितलं की पुरे. मतदान केंद्राच्या अलीकडे, ठरावीक अंतरावर, तिन्ही बाजूंची माणसं थंडीत नाकं लाल करून पत्रकं वाटत होती. मी शाल डोक्यावरून ओढून घेतली.

रांगेत आमच्यापुढे चार माणसं सोडून वॉल्टर होते. त्यांनी वळून पाहिलं नाही. मधू त्यांच्या पाठीकडे पाहत होता. मला ठाऊक होतं त्याच्या मनात काय चाललंय. ज्या माणसाच्या शब्दावर आपल्याला हे मत मिळालं, त्याच्याच माणसाच्या विरुद्ध ते पडणार. दिलं नाही तर तीन महिने सह्या गोळा केल्या त्या कशाला? मी त्याला म्हणू शकले असते की दे वॉल्टरच्या माणसाला, तुझ्या एका मतानं कुणाचं काय होतंय. पण अप्पांच्या मुलीनं हे म्हणायचं?

तिकडे पडद्याआड यंत्र असतं. वॉल्टर आत गेले आणि लगेच बाहेर आले. मधू आत गेला तो येईचना. पडद्याखालून त्याचे बूट दिसत होते. मागची बाई घड्याळ पाहू लागली. शेवटी खटका ओढल्याचा आवाज झाला.

"दिलं?" मी विचारलं.

"ज्याला द्यायचं ठरवलं होतं त्यालाच," तो म्हणाला आणि गाडीकडे निघाला.

निकालाला आपल्याकडे दोन-दोन दिवस लागतात, गावं जागी राहतात. इथे आमचं जेवण आटपायच्या आत टीव्हीवर सांगून टाकलं की आव्हान देणारे जिंकले, खुर्चीवरचे पडले. मधूनं खिडकीतून पाहिलं. वॉल्टरच्या दिवाणखान्यातली टीव्हीची निळसर झाक विझली होती.

बुधवारी मधू पेपर आणि पेन्सिल घेऊन बसला. ओहायोतले आकडे लिहिले, तिसऱ्याची सगळी मतं वॉल्टरच्या माणसाच्या मतांत मिळवली. मग पुन्हा मिळवली. "ताई, सगळी देऊनसुद्धा पुरत नाहीत. म्हणजे मी कुणाला पाडलं नाही."

"म्हणजे तुमच्या मतानं काहीच झालं नाही, असंही म्हणता येते," नीला म्हणाली.

मला हसू आलं, पण मधू म्हणाला ते मी विसरले नाही. "अगं, दोघंही त्याच्याबद्दल बोलत तर होते ना. त्याचं ऐकावं लागलं त्यांना. मला तेवढंच हवं होतं." अप्पाही असंच काहीतरी म्हणायचे. पुढल्या निवडणुकीत सगळेच उमेदवार तालुक्याच्या पाण्यावर बोलले होते. त्याचं श्रेय अप्पांना कुणी दिलं नाही, आणि त्यांनी मागितलंही नाही.

मी म्हटलं, "हे गणित वॉल्टरना दाखव."

"गणितानं काय होणार? त्यांना वाईट वाटलंय ते गणिताचं नाही."

लक्ष्मीपूजन ते भाऊबीज

शुक्रवारी लक्ष्मीपूजन. नीलानं अंगणात पणत्या लावल्या, वाऱ्यानं विझल्या, मग खिडकीत लावल्या. फराळ आम्ही सगळा केला होता. पोहे मिळाले नाहीत म्हणून चिवडा कॉर्नफ्लेक्सचा, आणि खरं सांगायचं तर तो वाईट नव्हता. शेजारी फराळ पाठवायची वेळ झाली. दर वर्षी वॉल्टरकडे ताट जायचं, नीला कागदी थाळीतून पाठवायची. ती थाळी काढायला लागली तेव्हा मधू म्हणाला, "ताई, अप्पांचं ताट दे."

"अरे, ते ओवाळायला आणलंय."

"त्याच ताटात घाल."

मी चकल्या, करंज्या, लाडू, शंकरपाळे, चिवडा असं सगळं मांडलं. वर रुमाल टाकला. मधू ताट घेऊन निघाला. पायवाट पानांखाली बुजली होती, तरी तो तिच्यावरूनच गेला, पानं गुडघ्याशी उडवत. चौदा वर्षांचा होता तेव्हा असाच रुमाल झाकलेलं ताट घेऊन गेला होता.

लगेच परत आला. "दार उघडलं. ताट घेतलं. थँक यू म्हणाले."

"आणि?"

"आणि दार लावलं."

शनिवार तसाच गेला. ताट आलं नाही, वॉल्टरही दिसले नाहीत. आपल्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत, साखरेची चिमूट तरी घालतात. तिकडची रीत मला ठाऊक नव्हती. मी दर थोड्या वेळानं खिडकीशी जात होते आणि मधू मला पाहून न पाहिल्यासारखं करत होता.

रविवारी भाऊबीज. सकाळी मीरा पेपर आणायला दार उघडून बाहेर गेली आणि ओरडली, "आत्या, युअर प्लेट इज हिअर!"

पायरीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ताट होतं. वॉल्टर चर्चला जाता जाता ठेवून गेले असणार. मधू स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून कॉफी ओतत होता. ओतता ओतता थांबला.

"ताई," तो म्हणाला. मागे वळला नाही. "भरलेलं आहे?"

मी पुडकं उचललं. हलकं होतं. कागद सोडला. ताट घासून, पुसून लख्ख केलेलं, आणि त्यात काही म्हणजे काही नव्हतं.

"रिकामं आहे, मधू."

तो वळला. ताट माझ्या हातातून घेऊन त्यानं काठावरच्या अप्पांच्या नावावरून बोट फिरवलं आणि तिथेच खुर्चीवर बसून रडला. मीराला काही कळेना. "ही एट एव्हरीथिंग?" तिनं नीलाला विचारलं, "ईव्हन द करंज्या?"

त्याच ताटात मी निरांजन ठेवलं आणि दहा वर्षांनी माझ्या भावाला ओवाळलं. ओवाळून होतंय तोच बाहेर खरखर ऐकू आली. वॉल्टर चर्चच्या कपड्यांत दाताळं घेऊन पायवाटेवरची पानं ओढत होते, आमच्या दाराच्या दिशेनं. मधू कपाळावर कुंकू तसंच ठेवून बाहेर गेला आणि गॅरेजमधून आपलं दाताळं घेऊन आला. पाट्यांबद्दल दोघं काही बोलले का, मला माहीत नाही. मला खिडकीतून इतकंच ऐकू आलं की वॉल्टर विचारत होते, ती काटेरी चाकासारखी कुरकुरीत वस्तू आणखी शिल्लक आहे का.

पुणे

परत आले तेव्हा अप्पा नेहमीच्या खुर्चीत बसले होते. मी त्यांना मक्याची शेतं सांगितली, बटणावर उघडणारं गॅरेज सांगितलं. माझ्या पाट्या उपटण्याच्या हकिकतीवर ते इतके हसले की मावशी पाणी घेऊन आली. मधूनं तिसऱ्याला मत दिलं हेही सांगितलं. मग मी ताटाचं सांगितलं आणि पिशवीतून ते काढून त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवलं.

"रिकामं आलं?" त्यांनी विचारलं.

"हो अप्पा. एक शंकरपाळासुद्धा ठेवला नव्हता."

अप्पा आता नाहीत. वॉल्टरही गेले, शेवटच्या आजारात मधू त्यांच्या उशाशी होता. अमेरिकेत पुन्हा निवडणूक आली की पेपरात कुणी तिसरा उभा असल्याचं मी वाचते, आणि मला तो बुजलेल्या पायवाटेवरून ताट घेऊन जाणारा मधू आठवतो. पण सगळ्यात जास्त आठवते ती पुण्यातली दुपार. अप्पांनी ताट मांडीवर ठेवलं, चष्मा काढून पुसला आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा ते नाव घेतलं.

"गोविंदालाही चकलीच आवडायची," ते म्हणाले.